दगडातला दात मोलाचा, पोराचा जीव त्याहून मोलाचा

सोनगीरच्या किल्ल्यावर चढून उभे राहिले की खाली मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर धुळे, उत्तरेला शिरपूर, त्यापुढे सातपुड्याचा बिजासन घाट, सेंधवा आणि मग नर्मदा. दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की याच रस्त्याने निळे झेंडे लावलेल्या गाड्या महूकडे धावतात. त्यांत आमच्या खानदेशातली कितीतरी कुटुंबे असतात. बाबासाहेबांचे जन्मस्थान पाहावे, दोन फुले वाहावीत, मुलांना चार गोष्टी सांगाव्यात आणि परतीला लागावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. परंतु याच वाटेच्या अंगाला एक समुद्र दगड होऊन निजलेला आहे, हे आम्हाला मात्र फार उशिरा कळले.

वाचकहो, समुद्र म्हणताच आपल्याला मुंबईची चौपाटी आठवते. नर्मदेच्या काठी समुद्र कुठला, असे आमच्याही मनात आले होते. पण तो होता, आणि त्या समुद्रात शार्क मासेही होते. त्यांचे दात आजही त्या भागातील चुनखडीत आणि वाळूच्या दगडात सापडतात. ते दात पाहायला आम्ही गेलो होतो. काय पाहिले आणि कोणता धडा घेऊन परतलो, ते आज आमच्या वाचक कुटुंबांसमोर, विशेषतः आई-वडिलांसमोर मांडायचे आहे.

चार कुटुंबे, एक गाडी

आमच्या वस्तीतील चार कुटुंबांनी मिळून गाडी ठरवली. उन्हाळ्यात निमाडचे ऊन सोसवत नाही म्हणून या खेपेस मुद्दाम थंडीचे दिवस निवडले. सोबत एक निवृत्त मास्तर होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना पॉलिश करण्यात उभा जन्म गेलेले एक काका होते. आयाबाया होत्या आणि अर्थातच पोरेसोरे होती. महू पाहून झाल्यावर परतीच्या वाटेत थोडी वाकडी वाट करायची आणि धार जिल्ह्यातील बाघची लेणी पाहायची, असे मास्तरांनी सुचवले होते. गाडीचा चालक त्याच भागातला. त्याच्या सासुरवाडीचे गाव लेण्यांपासून जवळ, त्यामुळे मुक्कामाचीही सोय झाली.

बाघ हे गाव सोनगीरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. पक्षी उडत गेला तर अंतर दीडशे किलोमीटरसुद्धा भरणार नाही. रस्त्याने मात्र सातपुडा आणि नर्मदा ओलांडून जावे लागते. तिथे बाघनी नदीच्या काठी, वाळूच्या दगडाच्या कड्यात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील हे विहार. एकेकाळी नऊ होते. आज त्यांतले जेमतेम पाच धड उभे आहेत. तिथली चित्रे अजिंठ्याच्या तोलाची मानली जातात. त्यांतली बरीचशी वाचवण्यासाठी काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेलेली आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला. विहाराची डागडुजी, भिक्खूंचे अन्नवस्त्र आणि औषधपाणी यांसाठी राजाने दिलेल्या दानाचा तो लेख. तांब्यावर कोरलेला लेख म्हटल्यावर आमचे पॉलिशवाले काका थबकले. "आपल्या सोनगीरच्या तांब्याचं काम लोक विसरतात, पण तांबं काही विसरत नाही बघा," असे ते म्हणाले.

मग बाकीची चार लेणी कुठे गेली? ती कोसळली. वाळूच्या दगडावर चिकणमातीच्या दगडाचा जड थर आहे. पावसाचे पाणी फटीफटीतून मुरले, खालचा दगड भुसभुशीत झाला, वरचे ओझे त्याला पेलवेना आणि छते खाली आली. मास्तरांनी मुलांना हे तिथेच समजावून सांगितले. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्यालाच आठवावी लागेल, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होते?

समुद्र आला कसा, गेला कसा

लेणी ज्या दगडात कोरली आहेत त्याला भूगर्भशास्त्रात निमाड वालुकाश्म म्हणतात. त्यावर गाठीगाठीची चुनखडी आहे आणि तिच्यावर सागरी जीवांच्या कवचांनी खच्चून भरलेली आणखी एक चुनखडी. या सर्वांना मिळून बाघचे थर असे नाव आहे. साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडचा समुद्र नर्मदेच्या खोलगट पट्ट्यातून आत शिरला. त्याच्या तळाशी वाळू, चुना आणि मेलेल्या जीवांची कवचे थरावर थर साचत गेली. शिंपले, सागरी अर्चिन आणि शंखासारखी वळणदार कवचे असलेले अमोनाइट हे सारे तिथे दगड होऊन पडले आहे. पुण्याचे प्राध्यापक चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी कित्येक दशके या थरांतील जीवाश्मांचा अभ्यास केला. याच थरांचा एक भाग गुजरातमध्ये आंबा डोंगर परिसरात, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या पलीकडे, नर्मदेपार आहे. तिथल्या शार्कच्या दातांची शास्त्रीय नोंद १९६५ साली प्रसिद्ध झाली.

पुढे समुद्र मागे हटला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहू लागला आणि तो थंड होऊन आपला काळा पाषाण तयार झाला. सोनगीरचा किल्ला, आपली शेते, विहिरी, रस्त्यावरची खडी हा सगळा त्याच लाव्हाचा दगड. म्हणून एक गोष्ट आमच्या सोनगीर-धुळ्याच्या मुलांना आधीच सांगून ठेवतो. आपल्या काळ्या दगडात शार्कचे दात शोधत बसू नका. तो दगड समुद्राच्या तळाशी साचलेला नाही, तो आगीतून आलेला आहे. त्यात सापडतात त्या गारगोट्या आणि काचेसारखे चमकणारे झिओलाइटचे खडे. जळगाव जिल्ह्यातील हे खडे जगभरच्या संग्रहांत जाऊन बसले आहेत.

दातच का उरतात?

आमच्यातल्या एका ताईंनी विचारले, "मास्तर, एवढा मोठा मासा, मग त्याची हाडं का नाही सापडत? दातच कसे?"

प्रश्न मोलाचा होता. शार्कच्या अंगात आपल्यासारखी हाडे नसतात. त्याचा सांगाडा कुर्चेचा, म्हणजे आपल्या बाहेरच्या कानात असते तसल्या मऊ पदार्थाचा. मासा मेला की तो कुजून जातो. दात मात्र कठीण असतात. शिवाय शार्कचे दात रांगेने असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. काही जातींचा शार्क जन्मभरात हजारो दात टाकतो. ते तळाच्या गाळात रुततात. पाण्यातली खनिजे त्यांत मुरतात आणि लाखो-करोडो वर्षांत दाताचा दगड होतो. रंग पांढरा राहत नाही. काळा, करडा, तपकिरी होतो. कोकणात मोरी किंवा मुशी म्हणून जी मासळी विकली जाते, तीही याच कुळातली.

हे सत्य माणसाला सहजासहजी कळलेले नाही. युरोपात या दातांना 'जिभेचे दगड' म्हणत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने ते आकाशातून पडतात असे लिहून ठेवले होते. राजेरजवाडे विषबाधा टळावी म्हणून ते गळ्यात बांधत, पेल्यात बुडवत. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले. स्टेनोने ते फाडून पाहिले आणि ताडले की जिभेचे दगड आणि या माशाचे दात अगदी एकसारखे आहेत. मग समुद्रातल्या माशाचे दात डोंगरातल्या दगडात कसे गेले? या एका प्रश्नातून जमिनीचे थर कसे बनतात याचे शास्त्र उभे राहिले. पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा हातात काय आहे ते नीट पाहिले, म्हणून हे झाले.

आपल्या देशातही ही वाट थांबलेली नाही. २०२१ साली राजस्थानातील जैसलमेरच्या दगडांतून सोळा कोटी वर्षांहून जुन्या शार्कची एक नवीनच जात शास्त्रज्ञांनी जाहीर केली, आणि तिला जैसलमेरचेच नाव दिले. ओळख पटली ती दातांवरूनच. ओडिशात बारीपदाजवळ बुढाबलंग नदीच्या काठीही असे दात मिळतात.

काडेपेटीतला दात

मुक्कामाच्या गावी चालकाच्या नात्यातली एक मुलगी होती. तालुक्याच्या गावी कॉलेजात जाणारी. तिने आम्हाला एक काडेपेटी दाखवली. काडेपेटीत कापूस, कापसात एक दात. तिला तो शेताच्या बांधावर, पावसात धुऊन निघालेल्या मातीत मिळाला होता. करंगळीच्या नखाएवढा, काळसर, टोकदार, कडा अजून चकाकत्या. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी एका जिवंत माशाच्या तोंडात असलेली वस्तू आमच्या हाताच्या तळव्यावर होती. काकांनी चष्मा पुसून तीनदा पाहिली. आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "माय वं, दगडले बी दात!"

पण दाताइतकेच आमचे लक्ष वेधले ते त्याखालच्या चिठ्ठीने. कोणत्या शेतात, कोणत्या नाल्यापासून किती पावलांवर, कोणत्या रंगाच्या मातीत, कोणत्या तारखेला मिळाला, हे सगळे तिने पेन्सिलीने लिहून ठेवले होते. त्या भागात विशाल वर्मा नावाचे मनावरचे शिक्षक अनेक वर्षे जीवाश्म शोधत आणि जपत आले आहेत. डायनासोरची अंडी जगासमोर आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जिथे मिळाले ते ठिकाण लिहून ठेवले नाही तर जीवाश्म मुका होतो, ही शिकवण त्या परिसरातील मुलांपर्यंत पोहोचलेली आहे, याचे आम्हाला कौतुक वाटले. दात नुसता असेल तर ती एक वस्तू. चिठ्ठीसकट असेल तर ती साक्ष. साक्षीला नाव-गाव लागतेच ना?

आणि मग तो क्षण

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या नाल्याच्या काठाने आम्ही फिरायला निघालो. पावसाळ्यात नाल्याने काठ पोखरून काढला होता. वर मातीचा आणि गोट्यांचा जाड थर पुढे आलेला, खाली पोकळी. आमच्यातला नववीतला एक मुलगा सर्वांच्या पुढे होता. रात्री काडेपेटी पाहिल्यापासून त्याला चैन नव्हती. त्याला त्या पोकळीत, डोक्याच्या उंचीवर काहीतरी काळे, चमकणारे दिसले. कुणाला काही सांगायच्या आत तो आत शिरला आणि हातातल्या खिळ्याने उकरू लागला.

मास्तर ओरडले, "बाहेर ये! आधी बाहेर ये!" मुलाने मान वळवली, एक पाऊल मागे घेतले आणि वरचा काठ धाडकन खाली आला. धूळ उडाली. त्याची आई जागच्या जागी खाली बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. धूळ खाली बसली तेव्हा पोरगा मातीत गुडघ्यापर्यंत अडकलेला, घोटा सुजलेला, पण जिवंत. ज्या जागी त्याचे डोके होते, तिथे एका बैलाएवढा मातीचा लगदा आणि दगड पडले होते. एका पावलाचे अंतर, बस्स!

काका आणि चालक यांनी हातांनी माती उपसून त्याला काढले. घोटा मुरगळला होता, दवाखान्यात दाखवून पट्टी बांधली. मास्तर मुलाला रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "काल लेण्यात काय सांगितलं होतं बाळ? वरचा थर जड, खालचा पोकळ." मुलाने मान खाली घातली. तो शार्कचा दात होता की नुसती काळी गारगोटी, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. ते त्या ढिगाखाली राहिले. राहू दे!

त्या मुलाच्या आईने परतीच्या वाटेवर जे विचारले ते आम्ही विसरू शकत नाही. "आम्ही पोटाला चिमटा काढून पोरं शिकवतो. एका दातापायी गेला असता तर कोणतं शास्त्र मला तो परत देणार होतं?" हा प्रश्न मनात ठेवूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत.

जगभर हीच कहाणी

ही चूक एकट्या आमच्या पोराची नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात कॅल्व्हर्ट नावाचे कडे आहेत. त्यांतून शार्कचे दात समुद्रकिनाऱ्यावर पडतात आणि माणसे ते वेचायला येतात. कडे कोसळतात म्हणून तिथल्या उद्यानात कड्याखाली जायला आणि कडा खणायला सक्त मनाई आहे. किनाऱ्यावर लाटेने आणून टाकलेला दात उचला, कड्याला हात लावू नका, असा साधा नियम.

मेगालोडॉन हा नाहीसा झालेला महाकाय शार्क. त्याचा एकेक दात माणसाच्या तळहाताएवढा, कधी त्याहून मोठा. ते दात अमेरिकेच्या दक्षिणेकडील नद्यांच्या तळाशी मिळतात. पाणी इतके गढूळ की पुढे धरलेला हातही दिसत नाही. त्यात ओढ जबरदस्त. व्हिटो बर्तुची नावाच्या शोधकाने जवळजवळ वीस वर्षे खपून मेगालोडॉनचे १८२ दात जमवले आणि अकरा फूट रुंदीचा जबडा उभा केला. २००४ साली जॉर्जिया राज्यात जीवाश्म शोधायला पाण्यात उतरले असताना त्यांचा मृत्यू झाला. एवढा अनुभवी माणूस, तरी नदीने त्याची गय केली नाही.

मोरोक्को देशात खुरीब्गा भागात फॉस्फेटच्या थरांत शार्कचे दात विपुल आहेत. तिथे गरीब माणसे हाताने खड्डे आणि बोगदे खोदून ते काढतात. खाली उतरणारा मजूर जिवावर उदार होतो. त्याच्या हाती चार पैसे पडतात. दात मात्र दलालांच्या साखळीतून परदेशच्या दुकानात चढ्या भावाने जातो. श्रम कुणाचे, धोका कुणाचा आणि नफा कुणाचा, हे कष्टकरी वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

दगडाची धूळही मारते

कोसळणारा काठ डोळ्यांना दिसतो. धूळ दिसत नाही. धार, झाबुआ, अलिराजपूर भागातील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. बारीक धूळ फुप्फुसात बसून त्यांना सिलिकोसिस जडला. हा रोग बरा होत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश गुजरात सरकारला दिला. एक-दोनदा दगड फोडणाऱ्याला हा रोग होतो असे नव्हे. पण वाळूचा दगड आणि गारगोटी रोज फोडणे, दळणे, घासणे हे कोरड्या हवेत, तोंड उघडे ठेवून करायचे काम नाही. आमचे काका पॉलिशच्या कामाने खोकत असतात, त्यांनी हे ऐकले आणि मुलांना म्हणाले, "धुळीशी मस्ती करू नका रे. ती लगेच काही बोलत नाही, पण हिशेब ठेवते."

आई-वडिलांनी मुलांना हे सांगावे

मुलांना दगड, माती, जीवाश्म यांची ओढ असणे ही चांगली गोष्ट आहे. ती मारू नका, तिला वळण लावा. आमच्या अनुभवातून आणि जाणत्यांना विचारून काही गोष्टी येथे देत आहोत.

एक, पुढे झुकलेल्या काठाखाली, कड्याखाली, खाणीच्या उभ्या भिंतीखाली कधीही जाऊ नये. पावसानंतरचे दिवस सर्वात वाईट. माती सुकली तरी फट आत असतेच. काठ पाहायचा तो त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावरून.

दोन, खणू नये, वेचावे. पावसाने धुऊन उघडे पडलेले, सपाट जमिनीवर पडलेले जे असेल तेवढेच पाहावे. उत्तम जीवाश्म बहुधा पाणीच उघडे करते. आपण फक्त नजर ठेवायची.

तीन, एकट्याने जाऊ नये. घरी कुठे जातो ते सांगून जावे. सोबत एक तरी मोठे माणूस असावे आणि त्या गावचा जाणता असला तर फारच बरे.

चार, बंद पडलेल्या खाणींतील पाण्यात उतरू नये. वरून उथळ वाटते, पण कड सरळ खाली गेलेली असते आणि चढायला पायरी नसते. आपल्या भागातल्या जुन्या, वापरात नसलेल्या विहिरींनाही हेच लागू. त्यांच्या तळाशी हवा कोंडलेली असते आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही गुदमरतो.

पाच, दगड हाताने न उचलता त्याची पलीकडची कड काठीने आपल्या बाजूला उचलावी, म्हणजे खाली विंचू-साप असला तर तो पलीकडे निघून जातो, आपल्या पायावर येत नाही. पायात बूट असावेत. सापाने दंश केलाच तर मंत्र-तंत्र, जडीबुटी, चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. त्या माणसाला शांत ठेवून, न चालवता, सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. उपाय सर्पविषावरील इंजेक्शनच आहे.

सहा, हातोडी चालवायची वेळ आलीच तर डोळ्यांवर जाड चष्मा हवा. दगडाची कपची डोळ्यात जाते ती सांगून जात नाही. दात साफ करायला ॲसिड वापरणे मुलांचे काम नाही. साधे पाणी आणि जुना दात घासण्याचा ब्रश पुरे.

सात, उन्हाळ्यात जाऊ नये. गेलेच तर सकाळी लवकर जावे. डोक्याला पांढरे फडके आणि भरपूर पाणी सोबत असावे.

मिळालाच तर काय करावे?

आधी परवानगी. शेत कुणाचे तरी असते. त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या बांधावर पाऊल टाकू नये. बाघजवळ डायनासोरच्या जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून खडाही उचलायचा नाही. मग ठिकाण लिहून घ्यावे, त्या मुलीने घेतले तसे. आणि जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याला कळवावे. त्याचे एक कार्यालय नागपूरला आहे. जीवाश्मांच्या ठिकाणांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२२ साली लोकांसमोर ठेवला होता. पण कायदा होवो न होवो, आपल्या जमिनीचा इतिहास दलालाला शंभर-दोनशे रुपयांत विकणे म्हणजे स्वतःच्या घरची पाटी पुसणे.

सामान्य माणसाच्या नजरेला कमी लेखू नये. धार जिल्ह्यातच पाडल्या गावी शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेतात मिळणारे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पूजत होते. हे दगड शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करतात अशी त्यांची समजूत होती. २०२३ साली शास्त्रज्ञांनी पाहून सांगितले की ती डायनासोरची अंडी आहेत. त्या शेतकऱ्यांना हसू नये. त्यांनी ते दगड फोडले नाहीत, फेकले नाहीत, म्हणून ते उरले. पण ज्ञानाची वाट त्यापुढे आहे. हात जोडून थांबायचे नाही. हे काय आहे, हे विचारायचे. त्याच वर्षाच्या आरंभी त्या जिल्ह्यातील ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो असे विचारल्यामुळेच.

आपल्या खानदेशात विचारायला काय कमी आहे? चाळीसगावजवळ पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यांचे मणी मिळाले. इथे कधी शहामृग हिंडत होते, आणि इथल्याच माणसाने त्यांच्या अंड्यांचे दागिने केले, हे त्या मण्यांनी सांगितले.

परतताना

परतीच्या वाटेवर गाडी बिजासन घाट उतरून शिरपूरकडे आली तेव्हा अंधार पडला होता. घोट्याला पट्टी बांधलेला तो मुलगा आईच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला होता. आईने त्याचा हात घट्ट धरला होता, सोनगीर येईपर्यंत सोडला नाही.

काही दिवसांनी तो आमच्याकडे आला. त्याच्या हातात एक वही होती. आमच्या वस्तीमागच्या टेकडीवरचे दगड त्याने वहीत मांडले होते. कुठला गारगोटीचा, कुठला काचेच्या खड्यांचा, कुठून उचलला, कोणत्या दिवशी, अशी नोंद होती. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "काठाखाली जायचे नाही." खाली मास्तरांची सही होती आणि तिच्या शेजारी त्याच्या आईचा अंगठा.